अभियांत्रिकीबरोबरच अर्थशास्त्राची दुसरी पदवी: आत्ताच सुरू करावी की थांबावे?

मागाचा_धागा

सर्वांना नमस्कार.

मी मूळचा इचलकरंजीचा असून सध्या पुण्यातील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. आमच्या घरी बारा यंत्रमाग आहेत, त्यामुळे सुताचा दर, विजेचे बिल आणि व्यापाऱ्याकडे अडकलेली रक्कम हे विषय जेवताना ऐकतच मी मोठा झालो. सूत महागले की कापडाला वाढीव भाव मिळायला महिने जातात, आणि सूत उतरले की व्यापारी दुसऱ्याच दिवशी भाव पाडून मागतो, असे का होते याचे उत्तर घरात कोणालाच देता येत नसे. ‘धंदा असाच असतो’ एवढेच सांगितले जाई. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सूक्ष्म अर्थशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक हाती लागले. त्यातली बाजारातील मक्तेदारीवरची प्रकरणे वाचल्यावर हा विषय नुसता चाळण्यापेक्षा परीक्षा देऊन, क्रमाने शिकावा असे मनाने घेतले. संगणक शाखा मात्र मला सोडायची नाही. तीही मनापासून आवडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी घेण्याची मुभा दिली आहे, असे वाचले. त्यामुळे येत्या जानेवारीत इग्नूच्या अर्थशास्त्रातील बी.ए.ला दूरस्थ पद्धतीने प्रवेश घ्यावा, असा विचार आहे. वर्गमित्रांचे म्हणणे असे की त्याऐवजी आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. करावी, कारण ती नोकरीच्या वेळी दाखवता येते. वडिलांचे मत तिसरेच आहे: दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, आधी इंजिनिअर हो, आणि त्यानंतरही शिकायचे असेल तर वकिली शीक, म्हणजे थकबाकीचे दावे तरी घरच्या घरी लढता येतील.

ज्यांनी असे दोन अभ्यासक्रम प्रत्यक्ष केले आहेत त्यांनी, वेळ कसा पुरवला आणि दुसऱ्या पदवीचा पुढे नेमका कुठे उपयोग झाला, हे कृपया सांगावे. शिवाय माझी धाकटी बहीण बारावीला आहे आणि तिला बिट्स पिलानी या विद्यापीठाच्या गोव्यातील पाच वर्षांच्या दुहेरी पदवीची चौकशी करायची आहे. तिथे बी.ई.बरोबर एम.एस्सी. मिळते म्हणजे काय होते, हे आम्हा दोघांनाही नीटसे कळलेले नाही.

जुनी_जर्नल्स

आपण जे करू पाहता ते मी केले आहे, आणि केल्याचा पश्चात्ताप नसला तरी पुन्हा त्याच पद्धतीने करणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी २०१० ते २०१४ या काळात यंत्र अभियांत्रिकी शिकलो आणि २०११ च्या जुलैत इग्नूच्या बी.ए.ला अर्थशास्त्र घेऊन नाव घातले. ती तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला मला पाच वर्षे लागली. इग्नूत अशा पदवीसाठी सहा वर्षांपर्यंत मुदत असते, म्हणून निभावले. अडचण विषयाची नव्हती, दिनदर्शिकेची होती. इग्नूची सत्रांत परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असते. आमच्या विद्यापीठाची हिवाळी परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात आणि उन्हाळी परीक्षा मे-जूनमध्ये असे. त्याच्या आधीचे तीन आठवडे सबमिशन, टर्म वर्कच्या सह्या आणि ओरल यांत जात. म्हणजे जेव्हा अर्थशास्त्राला सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, नेमका तेव्हाच तो मिळत नसे. २०१२ च्या डिसेंबरात तर सकाळी हीट ट्रान्सफरची उत्तरपत्रिका देऊन मी दुपारी दोन वाजता दुसऱ्या केंद्रावर राष्ट्रीय उत्पन्नाचा पेपर लिहायला बसलो होतो, आणि एका उदाहरणाच्या उत्तरापुढे रुपयांऐवजी अंश सेल्सिअस लिहून आलो. त्या पेपरात नापास झालो, हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या वर्षी पेपर मागे ठेवण्याची अर्जी घेऊन आमच्या महाविद्यालयात गेलो, तेव्हा विभागप्रमुखांनी ‘बाहेरच्या शिक्षणाशी आमचा संबंध नाही’ असे सांगून ती परत केली. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचे चुकले असे आज वाटत नाही.

वेळेचा हिशेब आपण आधीच मांडून पाहा. इग्नू एका श्रेयांकाला (क्रेडिटला) अभ्यासाचे तीस तास धरते, म्हणजे सहा श्रेयांकांच्या एका विषयाला १८० तास झाले. एका सत्रात असे दोनच विषय घेतले आणि सत्र वीस आठवड्यांचे धरले, तरी आठवड्याला अठरा तास लागतात. हे तास व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि ७५ टक्के उपस्थिती सांभाळून काढायचे आहेत. शिवाय स्वाध्यायांना ३० टक्के आणि लेखी परीक्षेला ७० टक्के गुण असतात, आणि स्वाध्याय लिहून दिल्याशिवाय तो विषय पूर्ण होत नाही. मी दोन वेळा हे स्वाध्याय इचलकरंजी-पुणे गाडीत लिहिले आहेत. (होय, मीही आपल्याच भागातला आहे, आमचे घर जयसिंगपूरला.)

आता परवानगीबद्दल. आमच्या वेळी दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास मान्यता नव्हती, हे मला उशिरा कळले. २०१७ साली एका सार्वजनिक उपक्रमाच्या मुलाखतीत कागदपत्रे तपासताना दोन्ही गुणपत्रकांवरची वर्षे एकमेकांत शिरलेली पाहून तिथल्या अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या, आणि त्यानंतर मी कोणत्याही अर्जात बी.ए.चा उल्लेख करणे सोडून दिले. एप्रिल २०२२ चे मार्गदर्शन त्या तारखेपासून पुढे लागू होते, त्यामुळे माझ्यासारख्यांची पदवी अधांतरीच राहिली होती. जून २०२५ मध्ये आयोगाने त्यात बदल करून, त्या त्या अभ्यासक्रमाच्या तेव्हाच्या नियमांना धरून घेतलेल्या जुन्या पदव्याही ग्राह्य ठरवल्या, तेव्हा कुठे ती फाइल कपाटाबाहेर आली.

आपल्याला ती चिंता नाही. एक पदवी प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरी दूरस्थ वा ऑनलाइन, हा प्रकार आज सरळ मान्य आहे; दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, आणि पीएच.डी.ला ही मुभा नाही. दूरस्थ अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे ना, हे मात्र स्वतः तपासा. त्या प्रवेशासाठी हल्ली विद्यार्थ्याला आधी डेब आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळखक्रमांक, काढावा लागतो.

उपयोग कुठे झाला, हा आपला दुसरा प्रश्न. नोकरीत कुठेही नाही. मी आज एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो आणि पोलादाच्या भावाची चर्चा निघाली की सहकाऱ्यांपेक्षा दोन प्रश्न जास्त विचारतो, एवढेच.

रविवारची_परीक्षा

मी आयआयटी मद्रासची बी.एस. करतो आहे आणि दिवसा नाशिकच्या एका महाविद्यालयात अणुविद्युत (इलेक्ट्रॉनिक्स) अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून थोडी भर घालतो.

तो अभ्यासक्रम विदा विज्ञानाचा (डेटा सायन्सचा) आहे. त्याला जेईईची अट नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. वर्षात तीन सत्रे असतात आणि चाचण्या व सत्रांत परीक्षा रविवारी प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यायच्या असतात, त्यामुळे महाविद्यालयाच्या पेपरांशी टक्कर सहसा होत नाही. सर्वांत सोयीची गोष्ट ही की मध्येच थांबता येते. पायाभूत टप्पा ३२ श्रेयांकांचा आहे, त्यापुढे पदविका आहेत, ११४ श्रेयांकांना बी.एस्सी. आणि १४२ श्रेयांकांना बी.एस. मिळते, आणि प्रत्येक टप्प्याचे प्रमाणपत्र वेगळे असते. आठ वर्षांपर्यंत मुदत आहे.

परंतु आपण संगणक शाखेचे आहात. प्रोग्रामिंग, डेटाबेस, यंत्र-अध्ययन हे आपल्याला वर्गात शिकवलेच जाणार आहे, आणि अर्थशास्त्र तिथे जवळजवळ नाहीच. मला ती उपयोगी आहे कारण माझी शाखा वेगळी आहे. आपण मित्रांच्या सांगण्यावरून ती घेतली, तर एकच ताट दोनदा वाढून घेतल्यासारखे होईल.

कलम_१२६

आपल्या वडिलांच्या सूचनेपुरते लिहितो, कारण विधी शिक्षणाच्या बाबतीत वरील चर्चेतला २०२२ चा नियम लावून अनेक विद्यार्थी फसतात.

आयोगाने परवानगी दिली असली तरी कायद्याच्या पदवीवर भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम चालतात, आणि परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील सहाव्या नियमानुसार कायद्याच्या पदवीला नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नोंदणी करता येत नाही. त्याला अपवाद आहेत ते एकाच संस्थेच्या एकात्मिक पदवीचे, भाषा वा संगणकाच्या अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांचे आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमांचे. म्हणजे सकाळच्या वेळेचे विधी महाविद्यालय आणि दिवसाचे अभियांत्रिकी असा मेळ वेळापत्रकात बसला तरी नियमात बसत नाही. शिवाय कायद्याला प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती लागते, हे लक्षात ठेवा. तेव्हा वकिली करायची असेल तर वडील म्हणतात तोच क्रम योग्य आहे: आधी बी.ई., मग राज्याच्या सीईटीतून तीन वर्षांची एल.एल.बी. आयआयटी खरगपूरचे विधी विद्यालय तर २००६ पासून प्रामुख्याने अभियांत्रिकी, विज्ञान किंवा वैद्यक शिकलेल्यांसाठी तीन वर्षांची एल.एल.बी. चालवते आणि बौद्धिक संपदेवर त्याचा विशेष भर आहे.

मी स्वतः विद्युत अभियंता असून पेटंट एजंट आहे. या कामासाठी कायद्याची पदवी लागते असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १२६ नुसार भारतीय नागरिकत्व, वयाची एकवीस वर्षे पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा एवढे असले की नोंदणी होते. मी एल.एल.बी.चे एक वर्ष करून सोडले, ते हे कळल्यावर. न्यायालयात उभे राहता येत नाही, हे खरे. परंतु पेटंट कार्यालयासमोरचे सर्व काम करता येते. संगणकाच्या विद्यार्थ्याला त्यात एक खास गंमत आहे, कारण याच अधिनियमाच्या कलम ३ मध्ये निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही असे म्हटले आहे, आणि ‘निव्वळ’ कशाला म्हणायचे यावर आमचे बरेचसे पोट चालते.

थोडे विषयांतर करतो. थकबाकीसाठी घरात वकील तयार करण्यापूर्वी वडिलांनी उद्यम नोंदणी केली आहे का, ते पाहावे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, आणि तक्रार सुविधा परिषदेकडे नेता येते. त्यासाठी मुलाला तीन वर्षे घालवण्याची गरज नाही.

फळा_खडू

मी एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना प्रथम विचारतो की दुसऱ्या पदवीने कोणते दार उघडावे अशी तुमची अपेक्षा आहे, आणि त्या दारावर पात्रतेची पाटी काय आहे हे तुम्ही वाचले आहे का.

अर्थशास्त्राचीच उदाहरणे घेऊ. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातील अधिकारपदालाही पदव्युत्तर पदवीच लागते, आणि महाविद्यालयात शिकवायचे असेल तर पदव्युत्तर पदवीवर नेट ही पात्रता परीक्षा. म्हणजे यांपैकी एकही दार नुसत्या बी.ए.ने उघडत नाही. उलट पदव्युत्तर शिक्षणाचे दार आपल्या बी.ई.लाच उघडे आहे: गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या एम.एस्सी. अर्थशास्त्राला अभियांत्रिकीचे पदवीधर पात्र असतात, आणि तिथल्या प्रवेश परीक्षेत गणिताचा वाटा मोठा असल्यामुळे ते मागेही पडत नाहीत. माझा एक विद्यार्थी बी.ए. न करता, केवळ तिसऱ्या वर्षापासून गणिती अर्थशास्त्राची तयारी करून तिथे गेला. जर्मनीसारख्या ठिकाणी जायचे असेल तर चित्र बदलते, कारण तिथली अनेक विद्यापीठे पदवी स्तरावर अर्थशास्त्राचे ठराविक श्रेयांक घेतले आहेत का ते मोजून पाहतात. तसा बेत असेल तर बी.ए.ला वजन आहे. नागरी सेवांना कोणतीही एक पदवी चालते, दोन असल्या म्हणून काही जास्त मिळत नाही.

यामुळे मी बहुतेकांना मायनर सुचवतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक.ला १६० श्रेयांक आहेत आणि त्यावर १८ ते २० जादा श्रेयांक दुसऱ्या विषयात मिळवले तर पदवीवर त्या विषयाच्या मायनरची नोंद होते. राज्यातील नव्या आराखड्यात तर बहुविद्याशाखीय मायनर हा घटक पदवीच्या आतच आला आहे. त्यातील काही श्रेयांक स्वयम् किंवा एनपीटेल या सरकारी ऑनलाइन मंचांवरच्या अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. त्यांची परीक्षा केंद्रावर होते आणि आयआयटीतील प्राध्यापकांनी शिकवलेले सूक्ष्म अर्थशास्त्र व अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्र) आपल्याला घरबसल्या मिळते. अठरा श्रेयांक म्हणजे पाच-सहा विषय. चार वर्षांत पाच-सहा विषय जादा करणे आणि एक संपूर्ण पदवी जादा करणे यांत किती अंतर आहे, हे वर जुनी_जर्नल्स यांनी लिहिलेच आहे.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. कागदावर मायनर सर्वत्र आहे; प्रत्यक्षात अनेक महाविद्यालये त्यांच्याकडे शिक्षक असतील तेवढेच विषय देतात, आणि संगणकाच्या विद्यार्थ्यापुढे ‘दुसरे क्षेत्र’ म्हणून पुन्हा विदा विज्ञानच ठेवले जाते. आपल्या शैक्षणिक समन्वयकांना लेखी विचारा की अर्थशास्त्राचे बाहेरचे श्रेयांक ते धरतील का. तोंडी ‘हो’ वर विसंबू नका.

वास्को_ते_झुआरीनगर

धाकट्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. मी बिट्सच्या गोवा केंद्रातून एम.एस्सी. अर्थशास्त्र आणि बी.ई. अणुविद्युत असे दोन्ही पूर्ण केले.

रचना अशी असते. बिटसॅट या बिट्सच्या प्रवेश परीक्षेतील गुणांवर आधी एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र असे पर्याय आहेत. पहिले वर्ष सर्वांचे जवळजवळ समान असते. त्या वर्षाच्या अखेरीस जो सीजीपीए असेल त्याच्या क्रमाने बी.ई.ची शाखा दिली जाते, आणि मग पाच वर्षांच्या शेवटी दोन स्वतंत्र पदव्या मिळतात. ही एम.एस्सी. बारावीनंतरची एकात्मिक पदवी असल्यामुळे मधली बी.एस्सी. नसते, आमच्या मालवणच्या आत्या अजून विचारतात की बी.एस्सी. केव्हा केलीस आणि आम्हाला पेढे का दिले नाहीस. अशा विद्यार्थ्यांना तिथे ‘ड्युअलाइट’ म्हणतात.

बहिणीने दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून पाहाव्यात. पहिली ही की प्रवेश घेताना अभियांत्रिकीची शाखा ठरलेली नसते. संगणक हवा म्हणून अर्थशास्त्र घेणारे पुष्कळ असतात, आणि संगणकाच्या जागा वरच्या सीजीपीएवाल्यांत संपतात. पहिल्या सत्रात घरापासून दूर राहण्याच्या आनंदात मी गणिताकडे दुर्लक्ष केले आणि त्याची किंमत शाखा मिळताना मोजली. अणुविद्युत ही माझी तिसरी पसंती होती. केमिकल किंवा मेकॅनिकल मिळाले तरी पाच वर्षे आनंदाने काढता येतील का, हे तिने स्वतःला विचारावे. दुसरी गोष्ट अशी की दुसऱ्या वर्षापासून दोन्ही विभागांचे अनिवार्य विषय एकाच आठवड्यात बसवायचे असतात. तिसऱ्या वर्षी सकाळी अर्थमिती, दुपारी सिग्नल्स अँड सिस्टिम्स आणि संध्याकाळी प्रयोगशाळा असा माझा दिवस असे, आणि ऐच्छिक विषयांना फारशी जागा उरत नसे. पाचव्या वर्षाची फी आणि वसतिगृहाचा खर्चही धरायला हवा. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर ते सुरुवातीलाच पाच वर्षांचे मंजूर करून घ्या.

तरीही फळा_खडू यांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही. दाराची पाटी वाचावी हे खरे, परंतु काही दारे पाटी नसलेलीही असतात. अर्थमितीत आम्ही ज्या काळ-मालिका तपासत होतो, त्यांच्यामागचे गणित आणि सिग्नल्सच्या तासाला शिकलेले गणित एकच आहे, हे मला एके दिवशी स्वसहसंबंधाच्या आलेखावरून लक्षात आले. त्यानंतर दोन्ही विषय माझ्यासाठी निम्म्या कष्टाचे झाले. मी आज विजेच्या मागणीचा अंदाज बांधण्याचे काम करते; तिथे ग्रिड कळणारे बरेच आहेत आणि दर कसे ठरतात हे कळणारेही बरेच आहेत, पण दोन्हींच्या बैठकीत न अडखळता बसणारे थोडे आहेत. हे मायनरने झाले असते की नाही, ते मला सांगता येणार नाही. दोन विषय एकाच वेळी, एकाच आवारात शिकल्यामुळे ते माझ्या डोक्यात एकमेकांना भेटले, एवढे मात्र खरे. दूरस्थ बी.ए.त ही भेट विद्यार्थ्याला स्वतःच घडवून आणावी लागते.

मागाचा_धागा

इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. वडिलांना कलम_१२६ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. उद्यम नोंदणी झालेली आहे, पण ४५ दिवसांचा नियम त्यांना माहीत नव्हता. आता वकिलीचा आग्रह थोडा सैल झाला आहे. बहिणीला पाच वर्षांचे गणित पटले, मात्र शाखा न ठरता प्रवेश घ्यायचा ही गोष्ट आईला पटलेली नाही, त्यामुळे घरात अजून चर्चा चालू आहे.

मी समन्वयकांना ई-मेल पाठवून विचारले. अर्थशास्त्राचा मायनर आमच्याकडे नाही. एनपीटेलचे श्रेयांक ऐच्छिक विषयाच्या जागी धरले जातील, परंतु ‘विभागाच्या यादीतील अभ्यासक्रम असेल तरच’ असे उत्तर आले. त्या यादीत अर्थशास्त्राशी संबंधित एकच अभ्यासक्रम आहे. तेव्हा पुन्हा बी.ए.च्या विचाराकडे वळलो आहे, पण जुनी_जर्नल्स यांचे अठरा तास डोळ्यांसमोरून जात नाहीत. फळा_खडू सर, पुढे एम.एस्सी.च करायची असे धरले, तर आत्ता पदवी न घेता तयारी नेमकी कशी करावी?

फळा_खडू

यादीतला तो एक अभ्यासक्रम आधी पदरात पाडून घ्या. त्यापलीकडे, कलन, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता हे आपल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या गणितात आहेतच. ते केवळ पेपरपुरते न करता नीट पक्के करा, कारण एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत तेच विचारले जाते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी सुताच्या आणि कापडाच्या भावांची मालिका घ्या. भाव चढताना कापड मागे का राहते आणि उतरताना लगेच का उतरते, हा प्रश्न अर्थमितीत चांगला ओळखीचा आहे. इंधनाच्या किमतींवर त्याचा बराच अभ्यास झालेला आहे. संगणक विभागालाही असा प्रकल्प नाकारण्याचे कारण नाही, कारण विदा गोळा करणे आणि प्रतिमान बसवणे हे दोन्ही त्यांच्याच कक्षेत येते. घरी जुन्या खरेदीच्या पावत्या असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका.

जुनी_जर्नल्स

आणि फी भरण्यापूर्वी एक करा. इग्नूच्या बी.ए.ची छापील पुस्तके ई-ज्ञानकोश या त्यांच्याच संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या विषयाचे पहिले दोन खंड उतरवून घ्या, आणि ही चालू सत्राची सबमिशन्स सांभाळून ते दोन महिन्यांत वाचून होतात का ते पाहा. होत असतील तर जुलैच्या प्रवेशाला नाव घाला. जानेवारी चुकली म्हणून काही बिघडत नाही. होत नसतील तर पुस्तके आपल्याकडे आहेतच, ती उन्हाळ्यात इचलकरंजीला मागांच्या आवाजात वाचता येतील. मागणीच्या लवचिकतेच्या प्रकरणात सुताचे उदाहरण असल्याचे मला तरी आठवत नाही, ते समासात आपल्यालाच लिहावे लागेल. बारा मागांचे भावाचे वह्या-चोपडे किती वर्षांपासूनचे आहेत?

मागाचा_धागा

आजोबांच्या हातचे १९९४ पासूनचे आहेत. दिवाळीला गेलो की माळ्यावरून काढतो.